नेमकं दुखतं कुठे

"आपण मराठीतच बोलू," सबनीस सोफ्यावर टेकत म्हणाले. "आपल्या माणसांत कशाला ते हिंदी?"

सृष्टी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "चालेल काका. पण माझी मराठी थोडी गडबड आहे."

"असू दे गडबड," सबनीस प्रेमाने म्हणाले. त्यांना गडबडच हवी होती.

भालचंद्र सबनीस दक्षता विभागातून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली होती, पण त्यांचा संशय अजून सेवेत होता. म्हणून तर जुन्या खात्याच्या क्रीडा मंडळाने ही चौकशी त्यांच्याकडे दिली होती. सृष्टी व्हॉलीबॉलच्या जोरावर खात्यात लागलेली. कायम व्हायचं तर सोमवारच्या चाचणीत खेळून दाखवणं भाग होतं, आणि आयत्या वेळी तिने डॉक्टरांचा कागद पुढे केला होता. उजव्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखावली आहे, आठ आठवडे उड्या बंद. कागद खरा असेल तर चाचणी पुढे ढकलायची. खोटा असेल तर नोकरी गेली.

सबनीसांची एक पद्धत होती. ज्या गोष्टीचा संशय, तिचं नाव आपण काढायचं नाही; समोरच्याला काढू द्यायचं. त्यामुळे गुडघ्याचा 'गु'देखील त्यांनी तोंडातून बाहेर पडू दिला नाही.

"काय होतंय तुला?"

"घोटा दुखतो, काका."

सबनीसांनी शांतपणे बिस्कीट चहात बुडवलं. कागदावर गुडघा आणि तोंडात घोटा. बिस्कीट अख्खं बाहेर आलं.

"खेळताना फार त्रास?"

"नाही ना. सुरुवातीला दुखतं, मग अंग गरम झालं की... गायब. दुसऱ्या दिवशी सीढी... ते... जिना उतरताना जीव जातो."

शब्द शोधत होती. खऱ्याला शब्द शोधावे लागत नाहीत, हा सबनीसांचा तीस वर्षांचा अनुभव. आणि खेळताना गायब होणारं दुखणं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

सृष्टीची आई गढवालची. वडील बळवंतराव मूळचे साताऱ्याकडचे, पण नोकरीपायी वर्षातले दहा महिने बाहेर. आईने नमकीनची बशी पुढे सरकवली. "भाईसाहब, बेचारी एक-एक सीढ़ी बैठकर उतरती है."

आईला पढवलेलं दिसतंय, सबनीसांनी मनात नोंद केली.

दुसऱ्या दिवशी ते वैशालीत, सृष्टी उपचाराला जायची त्या फिजिओथेरपीच्या दुकानासमोर उभे राहिले. वर्ष दोन हजार चार. गाझियाबादच्या त्या भागात इमारती उभ्या राहायच्या आधीच त्यांना नावं मिळत होती, आणि तळमजल्यावर कोण कसलं दुकान थाटेल याचा नेम नव्हता. काचेतून आतलं स्वच्छ दिसत होतं. तिरक्या फळीवर सृष्टी एका पायावर उभी होती. तेही उजव्या. पाठीवर वजनाची पिशवी, आणि ती सावकाश खाली बसत होती.

सबनीस आत गेले ते ती मागच्या खोलीत कपडे बदलायला गेल्यावर. नीरज त्यागी नावाचा तो तरुण फिजिओ टॉवेलची घडी करत होता.

"डॉक्टरसाहब, जिसको चोट लगी है उसी से बोझा उठवा रहे हैं?"

"अंकल, टेंडन है, अचार नहीं कि मर्तबान में बंद करके रख दो," त्यागी हसला. "सिर्फ आराम दोगे तो और कमज़ोर होगा. धीरे-धीरे वज़न दो, तभी मज़बूत होगा. बस, कूदना बंद."

"और दर्द?"

"दस में से तीन-चार चलेगा. अगली सुबह बढ़ा तो वज़न कम."

"कितना बढ़ा, यह कौन बताता है?"

"वही बताएगी. दर्द उसका है, अंकल. और किससे पूछूँ?"

सबनीसांनी डायरीत लिहिलं: पुरावा काय, तर संशयिताचंच म्हणणं.

तरी माणूस न्यायी. शनिवारी त्यांनी तिला शेवटची संधी म्हणून फोन केला.

"कसं आहे आता?"

"घोटा बराच ठीक आहे काका. नीरजभैया म्हणाले, दोन महिन्यांत उडी मारशील."

"घोटाच ना?"

"हो ना. घोटाच."

"उजवा?"

"बिल्कुल."

आणखी काय हवं होतं? सोमवारी सकाळी अहवाल क्रीडा सचिव अलका दाभोळकरांच्या टेबलावर होता. अलकाबाई स्वतः खेळलेल्या. त्यांनी तो दोनदा वाचला.

"पोरगी खोटारडी वाटत नाही हो. तुम्ही तिला नीट विचारलंत?"

"नीट, आणि पुन्हा पुन्हा. मराठीतून. दरवेळी घोटाच म्हणाली. कागद गुडघ्याचा."

अलकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सही केली. सरकारी कागद इतक्या चपळाईने हलल्याचं त्या इमारतीत कोणाला आठवत नव्हतं. दुपारी सृष्टीच्या हातात नोकरी संपल्याचं पत्र पडलं.

सबनीस निघाले तेव्हा ती जिन्यात होती. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. सबनीसांना तिच्या चिकाटीचं कौतुकच वाटलं. सगळं संपल्यावरसुद्धा नाटक सोडत नव्हती.

"काका," ती खालच्या पायरीवर बसली, "मी काय खोटं बोलले?"

सबनीस काही दुष्ट नव्हते. तेही कठड्याला धरून तिच्या शेजारी बसले. प्रकरण मिटलं होतं. आता पद्धत मोडायला हरकत नव्हती.

"हे बघ बाळ, सगळं छान जमवलं होतंस. फक्त कागदावर गुडघा आहे, आणि तू मला दरवेळी घोटा सांगत राहिलीस."

सृष्टी उजव्या वाटीखाली अंगठा दाबून धरत ऐकत होती. तिने मान वर केली.

"काका, गुडघा म्हणजे?"