लटारूभाऊंची खुर्ची

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमला अख्ख्या मूल गावात एकच फॅन होता, लटारूभाऊ. सीझनआधीच्या महिनाभराच्या सरावाचा एक दिवसही त्यांनी चुकवला नाही. ग्राउंडला कंपाउंड नाही, पलीकडे थेट वाघांचं जंगल. त्याच बाजूच्या एका दगडावर ते काठी घेऊन बसायचे. बॉल झुडपात गेला की "तुमी खेळा, मी आनतो" म्हणत स्वतः उठायचे.

फॅन तसा अजबच. गोल झाला की आमचा आरडाओरडा ऐकून जोरात टाळ्या वाजवायचे आणि मग विचारायचे, "कोनं मारला वं?" नजर अधू झाली असेल, असं आम्हाला वाटायचं.

पहिली मॅच चंद्रपूरच्या स्टेडियमवर होती. भाऊंना आम्ही टीमच्या गाडीतून नेलं आणि अगदी लाइनीजवळ खुर्ची दिली. म्हटलं, आता तरी नीट दिसेल. मॅचच्या आधी आम्ही सगळ्या बुटांच्या लेस बांधायला वाकलो. वर पाहिलं तर भाऊंनी खुर्ची उलटी फिरवलेली, आमच्याकडे पाठ.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "भाऊ, इथी वाघ नाई ना."

"मालूम आहे मले," ते मागं न वळता म्हणाले.

भाऊ पुढं म्हणाले, "पन चाळीस वर्सं बिडीचा तेंदूपत्ता तोडनाऱ्या बायांची राखन केली. बाई वाकली का माही मान आपोआप जंगलाकडं फिरते."