सवतीचा बॅकअप

सवत जाऊन चार वर्षं झाली, तरी तिच्या फोनचा बॅकअप घरच्या सर्व्हरवर ठाण मांडून बसला होता. दुसरेपणावर आलेल्या बायकोने तो आज तिसऱ्यांदा डिलीट केला, रिसायकल बिनही रिकामी केली.

"अहो, तिचा फोन कुठंय?"

"तिच्याबरोबर नदीतच गेला ना," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला.

ती तोंड धुऊन येते तो फोल्डर जागच्या जागी. आत आजच्या तारखेचा एक नवा फोटो.

तिने जळफळत तो उघडला. निळा स्वेटर घातलेला नवरा फोटो काढणारीकडे बघून खळखळून हसत होता. आपल्यासमोर तो असा कधीच हसला नव्हता.

स्वेटर तिने सकाळीच, त्याच्या नकळत, वाढदिवसासाठी आणला होता. तिने धावत कपाट उघडलं. पुडकं तसंच सीलबंद होतं.

स्वयंपाकघरात नवरा खळखळून हसला.