वरची मूठ

आईचे गुडघे धरल्यापासून कोचाबाम्बाच्या बाजारात बटाटे आणायला नेल्वाच जायची. तोलून झाल्यावर आईसारखं "यापा घाल की गं," म्हणत वरची फुकटची मूठ मागायची तिला लाज वाटे. बटाटेवाल्या साटुर्निनाबाई आपणहून मूठ उचलत, तरी ती पिशवीचं तोंड आवळून धरी.

घरी आई पिशवी चाचपून विचारी, "आज पण यापा नाही दिली तिनं?"

"आपण काय भिकारी आहोत?" नेल्वा म्हणे.

आई गेल्यानंतर नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला माणसं येणार होती, म्हणून नेल्वा बटाट्यांना गेली. साटुर्निनाबाईंनी शालीच्या टोकाने डोळे टिपले.

"मूठभर बटाट्यांसाठी काय भांडायची गं माझ्याशी! आता कोण भांडणार? मी म्हणायचे, एवढी हावरट बाई जन्मात पाहिली नाही. तर हसायची. म्हणायची, 'तोललेलं पोरांना पुरत नाही, बाई. यापा तेवढी माझ्या वाट्याची. हात आखडू नकोस.'" त्यांनी ओंजळ भरली. "आज तरी घे, पोरी. तिच्या नावानं."

नेल्वाने पिशवी उघडली. ती बाजारात जायला लागल्यापासूनचे पाच महिने आई सगळ्यांना सूप वाढायची आणि रिकामं पातेलं उचलताना म्हणायची, "मला आज भूकच नाही."