यंदा हॉबर्ट जिंकला

"अहो हॉबर्टकाका, यंदा जिंकलात की तुम्ही!" चार्लीनने संगणक त्याच्याकडे वळवला.

हॉबर्टने टेबलावर अशी थाप मारली की कॉफी सांडली. दर वसंतात तो पावत्यांनी भरलेलं बुटाचं खोकं घेऊन चार्लीनकडे कर भरायला यायचा. घराला लावलेल्या फळ्या, फरश्या, रंग, सगळ्यावर भरलेला विक्रीकर त्याला उत्पन्नातून वजा करून हवा असायचा. चार्लीन बेरीज करून सांगायची, काका, सरकार सगळ्यांना जी सरसकट वजावट देतं ती याहून कितीतरी मोठी आहे, तीच घ्या. तिच्यापुढे या पावत्यांचा काय पाड! पण गडी हट्टी. पुढच्या वर्षी खोकं काखेत मारून पुन्हा हजर. यंदा मात्र त्याची बेरीज पहिल्यांदाच त्या सरसकट वजावटीच्या वर गेली होती.

"बघितलंस, नेडीन?" तो बायकोकडे वळला. "कचरा जमवतोस म्हणायचीस ना? अख्खी खोली बांधली या हातांनी. फळी न् फळी स्वतः जाऊन आणली. ठेकेदाराने आणली असती तर पावत्या त्याच्या नावावर, मी बसलो असतो हात चोळत!"

"बरं बाबा, तूच शहाणा," नेडीन म्हणाली. नाकाला नळी, पायाशी प्राणवायूची टाकी, अंगावर त्याचाच जाड कोट. खोली तिच्यासाठीच होती, खालच्या मजल्यावर. जिना चढणं तिला झेपेनासं झालं होतं.

तिने चष्मा पुसून आकडे पाहिले. "चार्लीन, पोरी, यात विक्रीकराचा कुठला?"

चार्लीनने बोट ठेवलं. आकडा चिमुकला होता.

"आणि हा वरचा, एवढा मोठा?"

"तो... इस्पितळाच्या बिलांचा, काकू. तीही वजा होतात."

"म्हणजे यंदा माझाही हातभार लागला म्हणायचा," नेडीन म्हणाली. "इतकी वर्षं एकटाच झुंजत होता बिचारा."

हॉबर्ट हसला नाही. विखुरलेल्या पावत्या तो खोक्यात भरू लागला. "बेरीज ती बेरीज. पुढच्या वर्षी ओसरी वाढवतो. तिथे बसून दूरचे डोंगर दिसतील तुला. छपरालाही नवे पत्रे घालतो. विक्रीकर बघ कसा वाढतो. पुन्हा जिंकू."

चार्लीनला त्याच्याकडे बघवेना. गावात काही लपून राहत नाही. डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात हात टेकले होते. उपचार थांबवून नेडीनला घरी न्यायला सांगितलं, तेव्हा हॉबर्ट तिच्या शेजारीच बसला होता. त्यानंतर ती गोष्ट त्याने एकदाही तोंडातून काढली नव्हती.

"काका, इथे सही करा. मग काकूंची," चार्लीन कशीबशी म्हणाली.

नेडीननेच आधी सही केली. नाव पूर्ण लिहिलं. मग पेन नवऱ्यापुढे धरून ती हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी खोकं आणू नकोस, हॉबर्ट. माझी बिलं नसतील. तू हरशील."

हॉबर्टने पेन घेतलं नाही. पेन धरलेला तिचा हातच त्याने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"मला नाही हरायचं," तो म्हणाला.