अर्धा आरसा

अमेरिकेतल्या काचेच्या डोंगरावर खळदकर रडले. पण मुलगी तेव्हा फोटो काढत होती, तिनं पाहिलं नाही. त्यामुळे ते रडलेच नाहीत असं धरून पुढे जाऊ.

ज्वालामुखी कधीचा विझलेला, चहूकडे वाळवंट आणि पायाखाली काळ्याभोर काचेचे दगड. "बाबा, हा बघा, आरसाच!" म्हणत अस्मितानं ताटलीएवढा दगड त्यांच्या हातात दिला. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या खळदकरांनी त्यात तोंड पाहिलं आणि लगेच ते डावीकडे सरकले.

"सरकलात कशाला?"

"सवय."

घरात आरसा एकच, तोही टीचभर. चाळीस वर्षं ते दाढीला बसले की नेमकं तेव्हाच कुमुदला कुंकू लावायचं असे. "सरका हो, बघून बघून काही गोरे होत नाही तुम्ही," म्हणत ती कोपरानं ढोसायची. ती जाऊन दोन वर्षं झाली. खळदकर अजून अर्ध्याच आरशात दाढी करतात. डावा गाल अंदाजानं, म्हणून तिथे कायम खुंट.

वाटेवर अभिप्रायाची वही होती. खळदकरांनी व्यवस्थित समास सोडून मराठीत लिहिलं:

"मा. डोंगरप्रमुख यांस. विषय: रिकामी जागा. महोदय, आरशाची उजवी बाजू दोन वर्षांपासून मोकळी असून अर्जदाराने तिथे अतिक्रमण केलेले नाही. तरी मूळ वहिवाटदारास, कुंकू लावण्यापुरते का होईना, समक्ष हजर करावे, ही नम्र विनंती."