थळ केंद्राचे शंभर टक्के

प्रज्योतला थळच्या केंद्रातून तीन गोष्टी हव्या होत्या: कायमची नोकरी, नागावपर्यंतच्या किनाऱ्याचं साहेबपण, आणि म्हसळ्याला परत न जाण्याची मुभा. म्हसळ्यात वडिलांचं कोंबडीखाद्याचं दुकान होतं. गल्ल्यामागची एक खुर्ची ते दोन वर्षं त्याच्यासाठी पुसून ठेवत होते.

त्याची कंपनी ‘घरबसल्या’ मोबाइलवरून साडीपासून मिक्सरपर्यंत सगळं विकायची. आजवर तिचा माल दुसऱ्यांच्या पार्सलगाड्यांतून जायचा. आता तिने स्वतःच्या गाड्या, स्वतःची गोदामं, स्वतःची माणसं असा घाट घातला होता. परीक्षेसाठी थळचा कोळीवाडा निवडला, कारण इथे पोचवता आलं तर कुठेही पोचवता येईल असं मुंबईत कुणालातरी वाटलं. मुदत तीन महिने. शेवटच्या महिन्यात शंभरातली पाचापेक्षा जास्त पार्सलं परत गेली, तर केंद्र बंद आणि प्रज्योत खुर्चीत.

कोळीवाड्यात जुन्या पार्सल कंपनीचा माणूस होता हरेश्वर. अठरा वर्षं, एकच स्कूटर. प्रज्योतने आधी त्यालाच फोडायचा प्रयत्न केला. हरेश्वरने सगळं ऐकून घेतलं, प्रज्योतच्या पैशाने दोन चहा घेतले आणि नको म्हणाला. वर, केंद्र चालवायला हसत हसत चंद्राबाईचं नाव सुचवलं. तिची ओटी मोठी, आणि तीस वर्षं डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन फिरल्यामुळे एकूणएक घर तिला ठाऊक.

चंद्राबाईला पार्सलमागे चोवीस रुपये ठरले. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत, हे प्रज्योतला करार झाल्यावर कळलं. हरेश्वर का हसत होता, तेही कळलं.

पहिल्या महिन्यात शंभरातली एकतीस पार्सलं परत गेली, आणि त्यात गुडघ्यांचा दोष नव्हता. कंपनीचा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आलेला नंबर सांगितल्याशिवाय पार्सल द्यायचं नाही. पण मोबाइल घरच्या नाखव्याच्या नावावर आणि नाखवा पाच-पाच दिवस समुद्रात. घरात बायको, दारात पार्सल, आणि नंबर खांदेरी बेटाच्या पलीकडे. एका बाईने तर लेकीच्या बारशाचा फ्रॉक डोळ्यांदेखत परत जाताना पाहिला आणि प्रज्योतच्या सात पिढ्यांची चौकशी केली. हरेश्वरचं मात्र बरं चाललं होतं. तो वहीवर कुणाचीही सही घ्यायचा.

दुसरा महिना संपत आला तेव्हा प्रज्योत चंद्राबाईच्या ओटीवर येऊन बसला. ती बोंबलांची डोकी मोडत होती. त्याने तिला खुर्चीचं सगळं सांगितलं.

“त्या खुर्चीत बसलास तर काय मरशील व्हय रं?”

“मरणार नाही, मावशी. पण परत उठणार पण नाही.”

चंद्राबाईने चार बोंबील मोडले.

“सोमवारपासून माझ्यावर सोड,” ती म्हणाली. “कसं त्ये इचारू नको.”

सोमवारी अकराला गाडी आली. अकरा वाजून चार मिनिटांनी सगळी सतरा पार्सलं पोचल्याची खूण प्रज्योतच्या पडद्यावर उमटली. मंगळवारी बावीस पार्सलं, पाच मिनिटं. महिनाभर एकही पार्सल परत गेलं नाही, आणि मागणी तिप्पट झाली. पडद्यावर गिऱ्हाइकांची नावं दिसत नसत, नुसते टक्के दिसत, आणि ते शंभर होते.

कसं ते त्याने विचारलं नाही. फक्त, दुपारी पाचसहा बायका चंद्राबाईभोवती बसून तिच्या मोबाइलमधल्या साड्या बघताना दिसायच्या, तेव्हा मावशी त्यांना माल मागवायला शिकवतेय हे त्याने अहवालात घातलं. हरेश्वरही हल्ली रोज संध्याकाळी ओटीवर दिसायचा. गुपित काढायला येत असणार, हेही त्याने अहवालात घातलं. मुंबईहून उत्तर आलं, की प्रतिस्पर्धी घाबरल्याचं वाचून आनंद झाला.

एकदा त्याने हरेश्वरला टपरीवर गाठून डिवचलंच. धंदा कसा काय, म्हणून.

“माझ्याकडून अठरा वर्षांत जे झालं न्हाय, ते तिने चार मिनिटांत केलं,” हरेश्वर नम्रपणे म्हणाला. “चहा घेणार? आज माझ्याकडून.”

हरेश्वरकडून चहा ही गोष्ट कोळीवाड्यात कुणी ऐकलेली नव्हती. प्रज्योतला त्याची दयाच आली.

तीन महिने भरले आणि पत्र आलं. नोकरी कायम, पुढच्या महिन्यापासून नागावही त्याचंच. प्रज्योतने वडिलांना फोन करून खुर्ची विकायला सांगितली. पत्रासोबत पहिलं काम आलं होतं: शंभर टक्के देणाऱ्या थळच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कंपनीतर्फे एक स्टीलचा डबा भेट द्यायचा. नावांची यादी मागून येत होती. प्रज्योतने अंदाजाने चारशे डबे उतरवून घेतले आणि ते घरोघरी कोण नेणार म्हणून चंद्राबाईच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

“हरेश्वर वाटंल की,” ती म्हणाली. “नगामागं धा रुपये घेतो. पार्सलाचं पण तेवढंच देते मी त्याला.”

तेवढ्यात यादी आली. गेल्या महिन्यातली पार्सलं सहाशे अठरा. गिऱ्हाईक एक: चंद्राबाई. नंबर येणारा मोबाइल तिचा, पत्ता तिच्याच ओटीचा. जुनी कंपनी पार्सलमागे ‘घरबसल्या’कडून अठरा रुपये घ्यायची आणि त्यातले सहा हरेश्वरला द्यायची. आता ‘घरबसल्या’ स्वतःच्या माणसाला चोवीस देत होती, आणि पार्सलं त्याच स्कूटरवरून त्याच घरी जात होती.