धाकटीचा गुडघा

पोर्ट हारकोर्ट शहरातल्या एका नाक्यावर मासळी भाजणाऱ्या एबियेरेला गिऱ्हाइकं विचारायची, "फुटबॉलवाल्या प्रेयेची बहीण ना तू?" धाकटी प्रेये परदेशी क्लबांकडून खेळायची, गोलामागून गोल मारायची; थोरली धुरात बसून जळायची. लहानपणी दोघीही खेळायच्या; क्लबच्या निवड चाचणीलाही दोघी जाणार होत्या, पण आई तापाने फणफणली आणि तिने एबियेरेला घरी ठेवून घेतलं. बारा वर्षांनी प्रेये लंगडत परतली. "ताई, गुडघा कामातून गेला. खेळ संपला माझा." एबियेरेला आधी बरं वाटलं, मग स्वतःचीच लाज वाटली. पाम तेल कोमट करून ती गुडघा चोळायला बसली. प्रेयेला आता राहवेना. "ताई, त्या दिवशी तुला घरी ठेवून घ्यायला मीच आईला सांगितलं होतं. तू माझ्याहून चांगली खेळायचीस. तू आली असतीस, तर निवडणाऱ्यांनी मला घेतलंच नसतं." एबियेरेचा हात थांबला. तेलाची वाटी तिने प्रेयेच्या मांडीवर ठेवली. "घे, तूच चोळ."